मधला च

हिदार १२

कापडावरच्या मरियमचा डावा डोळा आज तिसऱ्यांदा पुसला. उजवा पहिल्याच खेपेला उतरला होता. मोठा, शांत, कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडेच बघणारा. डावा मात्र कुणावर तरी चिडल्यासारखा!

बाबा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "परत पुसलास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"फडक्याचा आवाज आला."

काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून खात आणली आहे. समोरचंही आता धुक्यातलं दिसतं म्हणतात. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत बाबांच्या, म्हणजे चर्चशाळेचे गुरुजी मरिगेता अस्रेस यांच्या, हातचे म्हणून जे जे डोळे चर्चच्या भिंतींवर लागले, ते माझे. हे चौघांनाच ठाऊक आहे — बाबा, आई, मी आणि बेलेते. बेलेते नऊ वर्षांपूर्वी इथे बाहिर दारला बाबांकडे चित्रं शिकायला आला, तो मागच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे कपडे, घोडे आणि दुष्ट माणसं. दुष्टांना बाजूनेच काढायचं, एका डोळ्याचं. दोन्ही डोळे फक्त भल्यांना. "भले सगळे तुला, आणि सैतान, शिपाई, यहूदा माझ्या वाट्याला," तो कुरकुरतो. आज आई त्याला म्हणाली, "मग जेवायलाही तोंड वळवून बस. शोभून दिसशील."

बाबांनी नियम घालून दिला आहे — कुणी विचारलं तर खरं सांगायचं, आपणहून सांगायचं नाही. आजवर कुणी विचारलं नाही. न विचारलेलं न सांगणं हे खोटं होतं का? मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

हिदार १५

उपवास सुरू. नाताळपर्यंत दूध नाही, लोणी नाही, मांस नाही, अंडं नाही. बेलेते कपड्यांना बाजारचे डब्यातले रंग लावतो, पण चेहऱ्यांचा रंग बलकातच कालवायचा हा बाबांचा हट्ट. आई अंडी फोडता फोडता बडबडत होती, "माणसांना डाळ आणि भिंतीला अंडी! मोठी भाग्यवान भिंत."

बलक बोटाला लागला. लहानपणच्या सवयीने बोट तोंडाकडे गेलं. थांबवलं. पण मनाने चाटलाच! हे पापांच्या कबुलीत सांगावं लागेल का?

हिदार २१

मरियमचा दिवस. आई आणि मी टेकडीवरच्या चर्चला गेलो. आमची चित्रं तिथेच लागायची आहेत.

नेहमीसारखी दक्षिणेच्या दाराने आत गेले, बायकांत उभी राहिले. मधोमध गाभारा, त्याच्या चार भिंती, भोवती गोल आम्ही सगळे. दक्षिणेची भिंत मला पाठ आहे. ती बाबांनी माझ्या जन्माच्या वर्षी रंगवली. आजवर एवढीशी गोष्ट लक्षात आली नव्हती, ती आज आली — आमचं काम उत्तरेच्या भिंतीचं आहे. उत्तरेला पुरुष उभे राहतात. चर्च रिकामं असलं तरी आमच्याकडची बाई त्या बाजूला पाऊल टाकत नाही.

म्हणजे आम्ही घरी रंगवतोय ते मांजरपाटाचे चार तुकडे घरातून गेले, सरस लावून भिंतीला चिकटवले, की संपलं. मला ते पुन्हा दिसायचे नाहीत. बेलेतेला दिसतील. गावातल्या प्रत्येक गाढववाल्याला दिसतील.

येताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरंच की! चुका दिसायच्या नाहीत."

तहसास ३

अबा झेलेके चित्रं पाहायला आले. ते टेकडीवरच्या चर्चचे प्रमुख आणि आमच्या घराचे कबुलीगुरू. मी सात वर्षांची असल्यापासून माझी सगळी पापं त्यांना माहीत आहेत. म्हणजे जवळजवळ सगळी.

आईने अंगणात गवत पसरलं, धूप घातला, कॉफी भाजायला घेतली. अबा चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग क्रूस छातीशी धरून म्हणाले, "मरिगेता, लोक म्हणतात तुमची नजर गेली. ही मरियम आई तर माझ्याकडे बघतेय! आणि एक सांगायचं राहिलं. पैसे देणारे श्रीयुत मेकुरिया म्हणताहेत की खाली नावं लिहा, जुन्या चर्चांतून असतात तशी. कुणी करवून घेतलं, कुणी रंगवलं. तर तुमचं नाव कसं लिहायचं? मरिगेता अस्रेस एवढंच पुरे?"

विचारलं! शेवटी कुणीतरी विचारलं! हातातली कपांची थाळी मी गवतावर ठेवली.

बाबा म्हणाले, "माझं नको. हात माझा नाही."

"बेलेतेचा?"

बेलेते जमिनीकडे बघत होता. बाबांनी मान हलवली आणि माझ्या दिशेला हात केला. थोडा चुकलाच, खरं तर चुलीकडे केला. पण कळायचं ते कळलं.

अबा खाली बसले. कॉफीची पहिली फेरी प्याले. दुसरी प्याले. तिसरी फेरी आशीर्वादाची, ती टाळून घराबाहेर कुणी जात नाही. अबा उठले आणि गेले.

आईने तिसऱ्या फेरीचे कप तसेच भरले. कुणी उचलले नाहीत.

तहसास ४

आई दिवसभर भांडी आपटत होती. "खरं बोलायची एवढी हौस होती तर तीन वर्षं कुठे गेला होता? पोरीला टेकडीवर नेऊन उभी करा आता, म्हणावं, या, दगड मारा."

"कुणी दगड मारत नाही, तिरुवर्क," बाबा आईला म्हणाले.

"दगड परवडला! लग्नाला कोण विचारील हिला? बाईच्या हाताची मरियम लावली म्हणून कुणाची गाय आटली तरी हिचंच नाव घेतील."

बाबा म्हणाले, "नाव घेतील ना? तेच तर हवंय."

मला हसू आलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की हसू घशातच राहिलं.

तहसास ९

अबा झेलेके आले. अंगणातच उभे राहिले. निरोप सांगितला तो असा: चित्रं राहतील, कारण मरियम आईचा चेहरा एकदा उतरला की पुसता येत नाही. (मी तीनदा पुसला होता. बोलले नाही.) पैसे देणाऱ्याला काही कळवायचं नाही. आणि नावही चालेल.

"हायमनोत. श्रद्धा! किती छान नाव ठेवलंत, मरिगेता. आमच्या चर्चमध्ये तीन हायमनोत आहेत, दोन दीक्षित सेवक आणि एक घंटेवाला, तिघेही पुरुष. नाव लिहा. फक्त पुढच्या शब्दात तो मधला च नको."

मधला च. आमच्या अमहारिक भाषेत ज्या शब्दाने 'रंगवलं' म्हणायचं त्यात तो असला की 'तिने', नसला की 'त्याने'. बाकी शब्द तोच. बाबांच्या शाळेतली मुलं चर्चच्या अंगणात बसून अक्षरं घोकायची, मी चुलीपाशी बसून तीच घोकायची. त्या सगळ्या अक्षरांत मला हे एक कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं!

बाबा म्हणाले, "म्हणजे भिंतीवर खोटं लिहायचं."

"खोटं कसं? लिहिलेलं खोटं असतं. गाळलेलं खोटं नसतं."

"अबा, देवाला वाचता येतं."

"देवाला येतं हो. गावाला येत नाही, ही अडचण आहे. मी वाचून दाखवणार तेव्हा कळेल त्यांना." मग आवाज खाली आणून, "मरिगेता, मी म्हातारा माणूस आहे. मला त्या टेकडीवर शांतपणे मरू द्या."

ते दुष्ट नाहीत. तेच तर वाईट. काढायचे झाले तर मला त्यांना दोन्ही डोळे द्यावे लागतील.

तहसास १०

बाबा म्हणतात, लिहिणार तर च सकट.

आई म्हणते, नावच नको.

मला कुणी विचारलेलं नाही.

तहसास १३

बेलेते रोमी शिपायांच्या भाल्यांना रंग देत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एका च साठी घर डोक्यावर घेतलंय तुम्ही बापलेकींनी."

"तुला काय जातंय बोलायला?"

"मला? नऊ वर्षं मी एक-डोळे काढतोय, हायमी. चार चर्चमध्ये माझे घोडे आहेत. माझा एकही च नाही. आणि नावाचं तर सोडच."

उत्तर सुचलं ते संध्याकाळी, भाकरी थापताना: तुला दोन्ही डोळे काढता येत नाहीत म्हणून तुझं नाव नाही. मला काढता येतात तरी नाही. पण तोवर तो चर्चला गेला होता. आणि असं बोलणं म्हणजे गर्व. बरंच झालं नाही बोलले.

तहसास १६

आईने नवीनच काढलं. "बेलेतेशी लग्न कर. वाईट नाही मुलगा, पितही नाही. काढ तू, लिहू दे त्याला. नवराबायकोत कसलं आलंय तुझं-माझं?"

मी म्हटलं, "मग सैपाक त्याने करावा आणि लोकांनी म्हणावं, काय हात आहे हायमीच्या हाताला!"

"जीभ आहे का भाला!" म्हणाली, पण ओठ हलले तिचे. हसू दाबत होती.

तहसास २९

नाताळ. उपवास सुटला. कोंबडीचा लाल रस्सा, आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या इंजेरा-धिरड्यावर मधोमध एकेक उकडलेलं अंडं. बाबांनी पहिला घास माझ्या तोंडात घातला, मग आईच्या, मग बेलेतेच्या. घास भरवताना बाबांचा हात माझ्या नाकाला लागला. सगळे हसले, बाबाही. मला रडू येत होतं म्हणून मी जास्तच हसले.

तेर ६

अदिस अबाबाची एक बाई सकाळी आली. तिथे तिचं चित्रांचं दालन आहे. कुणाकडून फुटलं कोण जाणे, पण तिच्या कानावर गेलं की बाहिर दारला एक मुलगी चर्चच्या पद्धतीची चित्रं काढते. आखूड केस, मोठा चष्मा, अमहारिक बोलताना मध्येच इंग्रजी. मरियमकडे तिने दोन क्षण पाहिलं.

"सुंदर आहे. पण हे जुन्याची नक्कल आहे ना? यात तू कुठे आहेस?"

मी डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं गंमत करतेय.

तिला हवं आहे ते असं: कॉफी करणाऱ्या बायका, घागरी, पाठीवर मूल. भडक रंग. आणि भिंतीवर माझा मोठा फोटो — अनवाणी, पांढरी शाल, हातात ब्रश, मागे तळं. खाली मोठ्या अक्षरांत, गुरूंची मुलगी, पहिली स्त्री वगैरे वगैरे.

"पहिली आहे की नाही मला माहीत नाही," मी म्हटलं.

"ते आम्ही बघू गं."

एकीकडे एवढा च सुद्धा नको. दुसरीकडे एवढा मोठा हवा की त्याच्यामागे चित्र दिसूच नये!

मी नाही म्हटलं. ती जाताना म्हणाली, "तुमच्यासारख्या मुलीच स्वतःला मागे ठेवतात." आईने तिला तरीही कॉफी पाजली. तिन्ही फेऱ्या.

तेर १३

काम मागे पडलंय. मरियमचा मोठा सण पुढच्या महिन्यात, येकातित १६ ला, त्याआधी दहा दिवस कापड भिंतीला लागलं पाहिजे, सरस वाळला पाहिजे. मरियमच्या कुशीतल्या बाळाचा चेहरा अजून कोरा आहे.

आणि आज सकाळी माझे ते दिवस आले.

सात दिवस चर्चमध्ये पाऊल नाही, ते ठरलेलंच. घरात काढायचं की नाही हे कुठे लिहिलेलं नाही. बाबा यावर कधी बोलले नाहीत, कुठला बाप बोलेल? आईनेच ठरवून दिलंय: त्या दिवसांत ब्रशला हात नाही. तीन वर्षं मी ते मोडलेलं नाही.

तेर १५

मोडलं.

बाळाचे डोळे काढले. आई बाजारात गेली होती, बेलेते सरस आणायला. बाबा खिडकीशी. त्यांना काय माहीत? म्हणाले, "आज हात हलका चाललाय. ऐकू येतंय."

आजवरचे सगळ्यांत चांगले डोळे उतरले. हीच तर भीती! वाईट उतरले असते तर पुसून टाकले असते, शिक्षा मिळाली म्हणून मोकळी झाले असते. आता मी काय करू? हे डोळे उत्तरेच्या भिंतीवर शंभर वर्षं राहतील. लोक त्यांच्यापुढे वाकतील, आजारी लेकरं आणून धरतील.

अबांना सांगावं लागेल. सांगितलं तर कापड जाळतील. नाही सांगितलं तर मला कम्युनियनची पवित्र भाकर घेता यायची नाही. घेतली नाही तर आई विचारेल का.

तेर १७

बाबांना म्हटलं, "बाबा, अपवित्र हातून पवित्र गोष्ट झाली तर ती कुणाची?"

"कुणाचा हात अपवित्र?"

"कुणाचाही. समजा."

त्यांनी खूप विचार केला. बाबा प्रश्न कधी उडवून लावत नाहीत, म्हणून तर त्यांना विचारायची भीती वाटते. म्हणाले, "मी जवान असताना दारू पिऊन एकदा देवदूत गॅब्रिएलचे पंख काढले होते. दक्षिणेच्या भिंतीवर आहेत बघ. तुझ्या आईला सांगू नकोस."

म्हणजे त्यांना दारू चालली. मला जे चालत नाही ते मी प्यायलेलीसुद्धा नाही.

तेर २८

चारही तुकडे पुरे झाले. फक्त खालची नावांची पट्टी उरली आहे.

बाबा म्हणाले, "परवा लिहू. मी सांगतो, तू लिही. च सकट. अबा आले तर मी बघतो." मग स्वतःच हसले, "बघतो म्हणे!"

मला मात्र गेले चार दिवस एकच वाक्य ऐकू येतंय. तेर पंधराचं एवढं मोठं लपवलंस, मग एका अक्षराने काय होतंय? खरं खरं म्हणून कुठल्या तोंडाने भांडणार? टेकडीवर बायका विचारतील: ही कोण, केव्हा काढलं, कुठल्या दिवसांत काढलं? तेवढा एक प्रश्न कुणी विचारला तर मला खरं सांगावं लागेल. तो आमच्या घरचा नियम आहे.

च नसेल तर कुणी विचारणारच नाही. पुरुषाला तो प्रश्न नसतोच.

तेर ३०

लिहिलं.

कापड जमिनीवर पसरलेलं. मी गुडघ्यावर. बाबा स्टुलावर बसून एकेक शब्द सांगत होते, अगदी शाळेतल्या पोरांना सांगायचे तसे, थांबून थांबून. पहिले काळे शब्द मेकुरियांचे, त्यांच्या बायकोचे. मग माझं नाव. लाल. हायमनोत अस्रेस. मग तो शब्द.

बाबा थांबले. मी पहिली दोन अक्षरं काढली. ब्रश उचलला. बाबांचं डोकं थोडं पुढे झालं, कान माझ्या हाताकडे.

मी शेवटचं अक्षर काढलं. मध्ये काही नाही.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"पूर्ण?"

"हो, बाबा."

विचारल्यावर खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तेही ज्या माणसाला आता वाचायला दिसत नाही हे माहीत होतं, त्याच्यापाशी!

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. म्हणाले, "तुझ्या आईला कॉफी टाकायला सांग. आज मला तिन्ही फेऱ्या हव्यात."

येकातित ५

बेलेते आणि चर्चची माणसं येऊन कापडं गुंडाळून घेऊन गेली. गाढवावर लादली. एक टोक बाहेर लोंबत होतं, मी धावत जाऊन आत खोचलं.

बेलेतेने पट्टी पाहिली आहे. जाताना फक्त म्हणाला, "शहाणी आहेस." आजवर इतकं जिव्हारी लागणारं मला कुणी काही बोललं नव्हतं.

येकातित १६

सण. ढोल, पांढऱ्या शाली, सगळी टेकडी पांढरी. आई आणि मी दक्षिणेच्या दाराने आत. बाबांना बेलेतेने हात धरून उत्तरेला नेलं.

प्रार्थना संपल्यावर अबा झेलेके उत्तरेच्या भिंतीपाशी गेले. आमच्या बाजूने काही दिसत नव्हतं. एवढंच कळलं की पुरुषांची कुजबुज थांबली. मग कुणीतरी हुंदका दिला. पुरुषाचा हुंदका. तो डोळ्यांसाठी होता, मला कळलं. मग बायकांनी जिभा घोळवून आनंदाचा स्वर काढला, न बघताच!

अबांनी खालची पट्टी मोठ्याने वाचली. मेकुरिया. त्यांची बायको. हायमनोत अस्रेस. आणि तो शब्द, च नसलेला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "अस्रेसला मुलगा आहे?"

दुसरी म्हणाली, "असेल अदिसला. ऐकलं नाहीस? काय हात आहे म्हणे त्याचा! देवाने हात धरल्याशिवाय असं होतं का?"

"लग्न झालंय का विचार गं, माझी नात आहे."

आईने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, मी बोलेन म्हणून धरलंय. वर पाहिलं तर तिचे डोळे भरले होते. "लिहिलाच नाहीस," ती पुटपुटली. आईला च हवा होता! महिनाभर भांडी आपटणाऱ्या माझ्या आईला!

घरी येताना बाबा बेलेतेच्या खांद्यावर हात ठेवून पुढे चालत होते. रोज माझ्या खांद्यावर असतो.

जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे." आणखी काही नाही.

येकातित २०

बाबांना म्हटलं, "मी घाबरले."

"हं."

"बाबा, मी कारण सांगू?"

"नको. सांगितलंस तर मला पटेल."

मेगाबित २

पत्र आलं. तळ्यातल्या बेटावरच्या मठातून, तिथल्या प्रमुखांच्या सहीशिक्क्याचं. पाकिटावर — श्रीयुत हायमनोत अस्रेस.

आत लिहिलंय: आम्ही टेकडीवर येऊन आपलं काम पाहिलं. असे डोळे या पिढीत कुणी काढलेले आम्हाला ठाऊक नाहीत. आमचा जुना गाभारा ओलीने गेला आहे. आपण येऊन मठातच राहावं, तिथेच रंगवावं. वर्ष लागेल. नियम आपल्याला माहीत असतीलच: बेटावर स्त्रीजातीचं काही येत नाही. बाई नाही, गाय नाही, कोंबडी नाही.

आईने मला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. 'कोंबडी'वर ती हसायला लागली ती थांबेचना, शालीने डोळे पुसत, पोट धरून. "मग बलक कुठून आणणार?" म्हणाली आणि पुन्हा. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

त्या मठातली भिंत! बाबांना चाळीस वर्षांत बोलावणं आलं नाही तिथून.

बेलेतेने पत्र मागून घेतलं आणि दोनदा वाचलं.

मेगाबित ४

अबा झेलेके आले होते. मठाला नाही म्हणता येत नाही, म्हणाले. खरं सांगितलं तर टेकडीवरचंही उकरलं जाईल. मग माझ्याकडे न बघता बेलेतेकडे बघितलं.

बेलेते म्हणाला, "मला डोळे येत नाहीत, अबा."

"येतील. वर्ष आहे."

मी म्हटलं, "आणि नाव?"

अबा म्हणाले, "नाव भिंतीवर लिहिलेलंच आहे, लेकी. 'त्याने' म्हणून. आता तो कोण, एवढंच ठरायचंय."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिने लिहिलंय. तिलाच विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मला आधी विचारलं. काय सांगणार होते मी?

मेगाबित ५ ते ११

बेलेतेला डोळे शिकवतेय. पुठ्ठ्यावर, दिवसाला चाळीस. आधी बुबुळ, मग वरची पापणी, खालची शेवटी. तो मन लावून शिकतो. सहाव्या दिवशी एक बरा उतरला. डावा.

मेगाबित १२

सकाळच्या होडीने बेलेते मठाला गेला. आम्ही सगळे धक्क्यावर होतो. माझे ब्रश त्याच्या पिशवीत आहेत, मीच बांधून दिले. होडीवाल्याने वहीत लिहायला नाव विचारलं. तो अडखळला नाही, "हायमनोत अस्रेस."

बाबांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, हायमनोत. डोळे सावकाश काढ."

सवयीने मी ओ दिली. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.